दादांच्या फियाटचं मीटर

रहाटणी,
१९ जानेवारी २०२५

प्रिय ताईस,
सा. न.

डबा मिळाला. गणराजने काळेवाडी फाट्यावर बस हळू केली, खिडकीतूनच डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "साहेब, ही कंपनीची बस आहे. चाकणहून माणसं आणतो मी. आता तुमचं भंगार पण आणू का?" मी हसून घेतलं. घरी येऊन डबा उघडला आणि हसू गेलं.

मी काय मागितलं होतं? दादांच्या फियाटच्या मीटरची काच. तू काय पाठवलंस? गजराच्या घड्याळाची. त्याच्या आधीच्या डब्यात टॉर्चची होती. मीटरची काच लांबट असते हे मी तुला चित्र काढून पाठवलं होतं. पेन्सिलीने. मापं घालून. तू शाळेत विज्ञान शिकवतेस, ताई. गोल आणि लांबट यातला फरक तुला मी सांगायचा?

गाडीचं बाकी सगळं झालं. इंजिन बांधलं, ब्रेक नवे बसवले, रंग मारला, सीटची कव्हरं अंजलीने स्वतः उभं राहून शिवून घेतली. आता डॅशबोर्डवर मीटरच्या जागी भगदाड तेवढं आहे. त्यातून वायरी लोंबतात. सोसायटीतला एक जण परवा म्हणाला, "काका, हिचे दात काढलेत का?"

नवीन मीटर मिळत नाही. मिळालं तरी दादांना चालणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. गाडी शेडमध्ये लावली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने मीटर सोडवून एकेक भाग कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवला होता. आणि मीटरशिवाय ते गाडीला हात लावणार नाहीत. राजगुरुनगर ते पुणे एवढी वर्षं टॅक्सी मारली, पण मीटर बंद पडलं की गिऱ्हाईक उतरवून परत यायचे. एकदा नवरदेवाला मंचरच्या अलीकडे उतरवलं होतं, आठवतं?

एप्रिलच्या शेवटी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी दादांनी स्वतः गाडी चालवत देवळापर्यंत न्यावी, एवढीच माझी इच्छा आहे. त्यासाठी नोकरी सोडल्यापासून मी पार्किंगमध्ये गाडीखाली पडून आहे. तू ट्रंक उघडून नीट बघ. बाकीचे भाग आले, आता काच, वेगाचा काटा आणि किलोमीटरच्या आकड्यांच्या मागचं पितळी चाक. तीन वस्तू. दाजींकडे दे, ते चाकणला गेटवर गणराजकडे देतील.

तुझा,
दिग्विजय


राजगुरुनगर,
२ फेब्रुवारी

चि. दिग्विजयास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, कंपनीतला मेमोच तो. नोकरी सोडलीस, पण सुपरवायझरकी काही सुटली नाही.

मला दहावीच्या सरावपरीक्षेचे पेपर तपासायचेत. ह्यांची या महिन्यात सेकंड शिफ्ट आहे. घरात मी, पेपर आणि दादा. ट्रंक उघडली की दादा शेजारी येऊन बसतात, एकेक कागद हातात घेऊन त्याची गोष्ट सांगतात, आणि मग सगळं दुसऱ्याच कागदात गुंडाळून ठेवतात. त्यात खिळे आहेत, आईची जुनी जोडवी आहेत, रेडिओची बटणं आहेत. काच सापडली नाही. असेल तर फुटली असेल.

काटा पाठवतेय. वाकलेला आहे. मी वाकवला नाही, तसाच होता.

फोनवर का सांगत नाहीस, असं म्हणशील. फोन दादांच्या हातात असतो. दिवसभर कुस्त्या लावतात आणि कानाला धरून बसतात. तुझा आला की स्पीकरवर टाकायला लावतात. मग तू आणि मी काय बोलणार? परवा तर शेजारच्या शालनबाई दारावरून हसून गेल्या आणि दादा ओळख न दाखवता तसेच पुढे निघाले. आता त्या रुसल्यात. त्यांची समजूत काढायला परत मीच. एवढं सगळं करून मी तुझी चाकं शोधायची?

एक सांगू? गाडी छान झाली आहे, तशीच आण. फुलं लावू, दादांना आत बसवू, फोटो काढू. चालवायलाच कशाला हवी? माणूस ऐंशी पार झाला की त्याला बसून मिरवू द्यावं. तुझ्या हौसेसाठी त्यांना उन्हात क्लच मारायला लावू नकोस.

अंजलीला सांग, लोणच्याची बरणी परत पाठव.

तुझी,
ताई


रहाटणी,
२३ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न.

"बसून मिरवू द्यावं." हे वाक्य मी अंजलीला दोनदा वाचून दाखवलं. ताई, तू दादांना मखरात बसवायला निघाली आहेस. गेल्या वर्षीही तुझं हेच चाललं होतं. दादा थकलेत, दादांना झेपत नाही. त्यांचा आवाज ऐक फोनवर. माझ्यापेक्षा खणखणीत आहे.

असो. मीटरचं सांगतो. काच मी पिंपरीत कापून घेतली. दोन फुटल्या, तिसरी बसली. तबकडी धम्मपालकडे दिली आहे. पिंपरीत त्याचं ट्रकची मीटरं दुरुस्त करायचं दुकान आहे. हात चांगला आहे, पण दुकानात सापडेल तर शपथ. मंगळवारी या म्हणतो, मंगळवारी शटर बंद. फोन केला तर मागून मॅचचा आरडाओरडा ऐकू येतो आणि हा सांगतो, "साहेब, तुमचंच काम करतोय." शेवटी मी डबा घेऊन सकाळी त्याच्या दारातच जाऊन बसलो. तेव्हा कुठे त्याने तबकडीवरचे आकडे नव्याने रंगवले. पांढरे, बारीक, अगदी कंपनीतून आल्यासारखे. काटा सरळ केला, त्याला लाल रंग दिला. रंग वाळायला त्याला आणखी एक आठवडा लागतो, का ते विचारू नकोस. मी विचारलं होतं, तर म्हणाला, "घाईत वाळवला की सुरकुत्या पडतात."

टाकीतला फ्लोट साफ केला, त्यामुळे पेट्रोलचा काटा आता हलतो. गिअरबॉक्सपासून येणारी केबल नवी टाकली. लोहचुंबक फिरतंय. फक्त किलोमीटरचे आकडे फिरत नाहीत, कारण ते पितळी चाक नाही. ते नसेल तर मीटर अर्धं मेलेलं, आणि दादा कान लावून ओळखतील.

आता महत्त्वाचं. काल तू शाळेत असताना मी दादांना फोन केला. ते म्हणाले, "चाक आन् काच दोन्ही म्या तिच्या हातात दिली. कागदावर लिहून दिली." तू म्हणतेस सापडलं नाही. दोघांपैकी कोण खरं बोलतंय?

तुझा,
दिग्विजय


(दादांचं पत्र. जाड काळ्या मार्करने, पाठपोट, तारीख नाही.)

चि. दिग्विजयास दादांचा आशीर्वाद.

गणराजच्या हाती सामान धाडलं हाय. चाक हाय, काच हाय, आणि बल्बचं झाकण बी हाय. चिमण्यांना गहू टाकावं म्हणून कोठीत हात घातला तर हाताला पुडी लागली. कागद कसला ते हातालाच कळलं. माझीच गाठ हाय ती.

तुझ्या ताईनं ठेवली. का ठेवली ते तिला ठाऊक. म्या इचारलं न्हाई. तू बी भांडू नगंस, ती दिसभर राबती.

आकडे शून्यावर आणू नगंस. त्या धम्मपालला सांग. गाडी जेवढी पळली तेवढी पळली, त्यातलं एक बी कमी करायचं न्हाई. काट्याला तेल टाकू नगंस, धूळ धरतं. काच बसवताना रबर आधी गरम पाण्यात टाक.

देवळापतूर जाऊ. मग चाकणच्या बाजारापतूर जाऊ. माझी तब्येत झकास हाय.

तुझे,
दादा


रहाटणी,
९ मार्च

ताई,

गव्हाच्या कोठीत?

दादांचं पत्र आलं, सोबत चाक आणि काच. पत्रात ओळीवर ओळ चढली आहे, निम्मे शब्द कागदाबाहेर गेलेत. तुझ्यापासून लपवून घाईघाईत लिहिलं असणार बिचाऱ्यांनी. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाला पत्र लिहायची चोरी!

मी इथे काचवाल्याच्या पाया पडत होतो, धम्मपालच्या दारात बसत होतो, आणि तू वस्तू धान्यात पुरत होतीस. काटाही तूच वाकवलास ना? धम्मपाल म्हणालाच होता, हा ताजा वाकवलेला दिसतो. मी त्याला झिडकारलं. म्हटलं, माझी बहीण असं करणार नाही.

गाडी मला मिळाली याचा राग आहे का? तसं असेल तर सांग, किल्ली तुझ्या नावाने करतो. पण कारण कळू दे. नाहीतर सहस्रचंद्रदर्शनाला मी पाहुण्यासारखा येईन आणि जेवून जाईन.

दिग्विजय


राजगुरुनगर,
१४ मार्च

दिग्या,

हो. मीच लपवलं. काटाही मीच वाकवला, उंबऱ्यावर ठेवून. गाडीचा राग कसला येणार? मला ती गाडी लहानपणापासून आवडत नाही, मला तिच्यात उलटी व्हायची.

आता नीट वाच आणि पुरतं वाचल्याशिवाय फोन उचलू नकोस.

दिवाळीनंतर एक दिवस दादा ह्यांची स्कूटर घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, कट्ट्यावर चाललेत. वळणावर कस्तुराची भाजीची हातगाडी उभी होती, रोज असते तिथेच. दादांनी सरळ तिच्यात स्कूटर घातली. टोमॅटो रस्ताभर. कस्तुरा गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायला चार पावलं बाजूला गेली होती, म्हणून आज ती आहे. दादा घरी येऊन म्हणाले, ब्रेक लागला नाही. ह्यांनी ब्रेक तपासले. ब्रेकला काही झालं नव्हतं.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याने समोरचं धूसर दिसतं आणि कडेचं काहीच दिसत नाही. गेलं ते परत येत नाही म्हणाले. थेंब घालायचे आणि उरलंय ते जपायचं. बाहेर आल्यावर रिक्षात माझा हात धरला आणि म्हणाले, "पोराला सांगशील तर तुला तुझ्या आईची शपथ हाय." तो कुस्त्यांचा फोन कानाला का धरतात, ते कळलं का आता? शालनबाईंना ओळख का दाखवली नाही, ते कळलं का? तुला घाईचं वाटलेलं पत्र त्यांनी दुपारभर बसून लिहिलं असेल.

लायसन्स संपलंय हे मी त्यांना सांगून पाहिलं. म्हणतात, "मला कोण अडवतंय? इथल्या निम्म्या पोलिसांच्या बापाला लग्नाला म्या नेलंय." ते कोणाचं ऐकणार? तुझं? तू तर त्यांना एक्याऐंशीव्या वर्षी गर्दीतून गाडी चालवायला लावतोयस, आणि ते तुझ्या शब्दावर लहान मुलासारखे नाचतायत. फक्त एका गोष्टीपुढे ते थांबतात. मीटर बंद असेल तर गाडी काढायची नाही. माझ्याकडे तेवढं एकच कुलूप होतं. ते मी लावलं.

तुला का नाही सांगितलं? एक तर शपथ. आणि दुसरं, गेल्या वर्षी दादा थकलेत म्हटलं तर तू काय म्हणालास? "तूच त्यांना म्हातारं करून ठेवलंस." त्यानंतर तुला काय सांगायचं? तू दोन महिन्यांतून एकदा येतोस, दादा तुझ्यासाठी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसतात, आणि तू जाईपर्यंत उठत नाहीत. का उठत नाहीत, हे तुझ्या कधी मनातही आलं नाही.

शपथ मोडली. आता तू बघ.

ताई


रहाटणी,
२४ मार्च

प्रिय ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मला तुझा रागच आला. खरं सांगतो. वाटलं, ही वाढवून सांगतेय. डॉक्टर काय, घाबरवतातच. म्हणून काल कोणाला न कळवता आलो. मीटर दाखवायला आणलंय, असं म्हणालो. तू स्वयंपाकघरात होतीस. ओसरीवर काय झालं ते तुला सांगितलं नाही, कारण सांगता आलं नाही.

मीटर पिशवीतून काढून दादांच्या मांडीवर ठेवलं. चाक बसलंय, तबकडी बसलीय, काच बसलीय, कडेची पट्टी आरशासारखी चमकतेय. दादांनी दोन्ही हातांनी उचललं, तोंडाजवळ नेलं, खालीवर फिरवलं. काचेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "वा! काटा बघ कसा लालभडक दिसतोय. तुझा धम्मपाल कारागीर हाय."

ताई, काटा बसवलेलाच नव्हता. धम्मपालने त्याला रंगाचा दुसरा हात दिला होता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो अजून कच्चा होता, म्हणून काटा कापसात गुंडाळून माझ्या खिशात होता.

मी म्हणालो, "हो दादा, चांगला झालाय." तेवढंच. त्यांनी मला मीटर परत दिलं, ते माझ्या हाताच्या जरा उजवीकडे. मी पटकन हात सरकवला, नाहीतर पडलं असतं. आणि मी हात सरकवला हे त्यांना कळलं. तोंड फिरवून तुला हाक मारली, चहा टाक म्हणून.

तुला मी जे जे लिहिलं ते लिहायला नको होतं. आता तुझंच बरोबर. मी काम थांबवतो. धम्मपालने तबकडी फोडली असं सांगू. तो बिचारा माझ्यासाठी एवढं ऐकून घेईल. गाडी फुलं लावून आणू, फोटो काढू. दादांना काही कळायचं नाही.

तुझा,
दिग्विजय


राजगुरुनगर,
३० मार्च

चि. दिग्विजयास आशीर्वाद.

आता माझं डोकं फिरवू नकोस.

चार महिने मी जे करत होते ते आता तू करणार? काच लपवली की रात्री पोळ्या लाटताना त्यांच्याकडे बघवत नाही, हे मी भोगलंय. आणि म्हणे दादांना काही कळायचं नाही! त्यांना डोळ्यांनी दिसत नाही रे. बाकी सगळं कळतं.

तू गेल्यावर मीच त्यांना सांगितलं. म्हटलं, "दादा, कोठीत मी ठेवलं होतं." म्हणाले, "म्हायती हाय." म्हटलं, "शपथ मोडली. दिग्याला सगळं सांगितलं." संध्याकाळी जेवले नाहीत. ह्यांनी समजावलं, तर ह्यांच्यावर खेकसले, जावयावर! आजवर कधी आवाज चढवला नव्हता.

सकाळी स्वतःच थेंबांची बाटली घेऊन आले. डोळ्यात घालून घेतले आणि म्हणाले, "गाडी दारात येऊ दे. पुरी होऊन येऊ दे. चालवायची का न्हाई ते म्या ठरवीन. सामान लपवून तुमी पोरांनी ठरवायचं न्हाई."

याचं उत्तर तुला देता येत असेल तर ये आणि दे. नाहीतर गपगुमान काटा बसव.

तुझी,
ताई


रहाटणी,
४ मे

प्रिय ताईस,
सा. न.

समारंभ झाल्यापासून मला चैन नाही. त्या दिवशी तू एक्याऐंशी दिव्यांच्या ताटात आणि पाहुण्यांत अडकली होतीस, म्हणून गाडीत नेमकं काय झालं ते तुला सांगतो. बाहेरून सगळ्यांना वाटलं, उन्हामुळे दादा उतरले.

ते स्टिअरिंगवर बसले तेव्हा मी शेजारी होतो, हँडब्रेकवर हात ठेवून. त्यांनी आधी मीटरच्या काचेवरून हात फिरवला. किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन सुरू. बाहेर टाळ्या. मला विचारलं, "पेट्रोल?" म्हटलं, अर्धी टाकी. "गरम?" म्हटलं, नाही. क्लच दाबला, गिअर टाकला. हात असा सहज गेला की मला वाटलं, आता जातील आणि काही होणार नाही. देवळापर्यंतचा तर रस्ता.

तेवढ्यात कस्तुरा मोठ्याने हसून म्हणाली, "दादा, मलाबी न्या की देवळापतूर!" ती बंपरला टेकूनच उभी होती, डावीकडे. मला दिसत होती. दादांना नव्हती. आवाज कुठून आला ते कळल्यावर त्यांचे हात स्टिअरिंगवर जिथल्या तिथे थांबले. गिअर काढला. इंजिन बंद केलं. "ऊन लई हाय," म्हणाले आणि उतरले. किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

निघताना मी पाया पडलो तेव्हा नेहमीसारखं पाठीवर थापटलं नाही. ताई, मी वर्षभर घासून, रंगवून, चाकात चाक बसवून त्यांच्यापुढे काय नेऊन ठेवलं? आपल्याला दिसत नाही हे त्यांना गावासमोर कळावं, एवढ्यासाठी केलं का सगळं? गाडी ओसरीसमोर उभी आहे, रोज जातायेता त्यांना हात लागेल. म्हणत असशील तर येऊन घेऊन जातो. धम्मपाल सांगत होता, एक गिऱ्हाईक आहे.

त्यांची तब्येत कळव.

तुझा,
दिग्विजय


राजगुरुनगर,
२५ मे

चि. दिग्विजयास अनेक आशीर्वाद.

तू तिकडे हळहळत बस. इकडे माझे काय हाल चाललेत ते ऐक.

समारंभानंतर दादा तीन-चार दिवस ओसरीवर खुर्ची टाकून गाडीकडे तोंड करून बसायचे. मग एका सकाळी मी चहा गाळत होते तर ओट्यावर किल्ली आपटली. म्हणाले, "चल." म्हटलं, कुठे? "तुला लायसन हाय ना?"

आहे. लग्नानंतर ह्यांनी हौसेने क्लास लावला होता. मी तेव्हा दवाखान्याच्या भिंतीला गाडी लावली आणि पुन्हा कधी बसले नाही. लायसन्सची मुदत मात्र हे दरवेळी वाढवून आणतात, कशासाठी देव जाणे. मी म्हटलं, "दादा, माझं वय पंचावन्न. मला सुट्टीत पेपर तपासायचेत." म्हणाले, "पेपर कुठं पळत्यात? चल."

तेव्हापासून रोज सकाळी हा छळ आहे. गिअर स्टिअरिंगवर, तो कुठून कुठे जातो ते मला अजून कळत नाही. दादा शेजारी बसतात. गाडी हलली की सुरू. "वेग सांग." मी मीटर बघून सांगते. "पेट्रोल सांग. गरम किती सांग." मी रस्ता बघू की मीटर वाचू? परवा चाळीस होतं, ओरडतील म्हणून मी तीस सांगितलं. म्हणाले, "खोटं बोलू नगंस. तीसला इंजिन असं बोलत न्हाई." आणि तुझ्या त्या धम्मपालला विचार, पेट्रोलचा काटा चढावर भरलेली टाकी दाखवतो आणि उतारावर रिकामी, याला काय म्हणायचं? मी दादांना खरं तेच वाचून दाखवते आणि शिव्या मला बसतात.

माझा पाय क्लचवर जायच्या आधी त्यांचा जातो. खाली नुसता पत्रा आहे, तो दाबतात. पहिल्या दिवशी मला ते दिसलं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी विचारलं, का थांबलीस? म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. "पूस आन् चल," म्हणाले.

काल चाकणच्या बाजारापर्यंत गेलो. नको म्हटलं होतं मी. कांद्याचे ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि चौकात मधोमध माझी गाडी बंद पडली. मागून एवढे हॉर्न की मला रडू यायला लागलं. दादांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि पंजा उघडून धरला. कोणाला थांबवतायत हे त्यांना दिसत नव्हतं. एवढा मोठा कंटेनर थांबला रे. मला म्हणाले, "आता निवांत चालू कर. तुला कोण बी हात लावत न्हाई." दुसऱ्यांदा चालू झाली. बाजारात शिरलो तेव्हा हमालांनी गाडी ओळखली आणि दादांना उतरवून चहाला नेलं. मी गाडीतच बसून राहिले, घामाने भिजलेली.

घरी आल्यावर ह्यांना सांगत होते, "पोरगी वाईट चालवत न्हाई. घाबरती तेवढी." माझ्या तोंडावर मात्र एक शब्द नाही.

तेव्हा गाडीला गिऱ्हाईक वगैरे बघू नकोस. दादांनी पुढच्या रविवारी तुझ्याकडे यायचं ठरवलंय. मला विचारलेलं नाही, सांगितलंय. सकाळी लवकर निघू, अंजलीला नाश्त्याला काही जास्तीचं करू नकोस म्हणावं, दादा पोहेच खातात. आणि तू फाटकापाशी उभा राहा. पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या आधी बाहेर काढून ठेव. मला अजून रिव्हर्स येत नाही.

तुझी,
ताई